टाकी

नाव मुबश्शिरनं आधीच ठरवून ठेवलं होतं : टाकी.
एकाहत्तर मिनिटांचा माहितीपट, तिम्मव्वावर,
जी औश्याच्या बाजूनं खांद्याला झोळी अडकवून येते
आणि गल्लीत शिरता शिरता ओरडते,
पाट्याला, जात्याला, टाकीऽऽ

अडचण एवढीच, की हे लातूर आहे.
इथं टाकी म्हटलं की माणूस आधी गच्चीकडं बघतो.
खालच्या झेरॉक्सवाल्यानं पोस्टर पाहिलं नि म्हणाला,
"पाण्यावर काढलाय का पिक्चर?"

म्हणून मला बोलावलं.
नावाखाली एक ओळ हवी. सहा शब्द, फार तर सात.
"आपा, तुम लिखती ना क्लासवालों के बोर्ड?"

लिहिते. अकरा वर्षं.
'स्वप्न तुमचं, रँक आमची' हे माझं.
बार्शी रोडला अजून उभं आहे, एका कोपऱ्यात फाटलेलं.
ओळ कशी विकली जाते, ते मला ठाऊक आहे.

तर लिहिलं :
'दगडातून उमटलेली जिद्द.'
'घाव तिचे, चव तुमची.'
'यंत्र थांबतं तिथं ती सुरू होते.'
(खोटं. यंत्र कुठंच थांबत नाही.
मिक्सर घरोघर आहे,
म्हणून तर तिला दिवसाकाठी दोनच पाटे मिळतात.)
मुबश्शिर वाचायचा, मान हलवायचा.
"अच्छा है. साबन का लगता."

रात्री पुन्हा फुटेज लावलं.
गंजगोलाईच्या मागची गल्ली, सिमेंटचा ओटा,
तिम्मव्वा पाटा चाचपते आहे,
तळव्यानं नव्हे, बोटांच्या पाठीनं,
तापलेल्या लेकराचं कपाळ बघावं तशी.
मालकीण म्हणते, चांगला गुळगुळीत तर आहे की.
आणि ही झोळीत छिन्नी हुडकत, वर न बघता :
"गुळगुळीत झालाय म्हणूनच वाटंना गेलाय, बाई."

तिथंच थांबवलं.
माझ्या वहीत तोवर एकोणीस ओळी झालेल्या.
एकीवरही बोट अडत नव्हतं.

पुढं नुसता आवाज आहे.
चार मिनिटं, एकही कट नाही,
पुण्याच्या निर्मात्याशी भांडून ठेवलेली.
टक् टक् टक्, मध्येच एक चुकार, मग पुन्हा रांग.
चष्मा नाही, म्हणून ती पापण्या अर्ध्या मिटते.
कपची गालाला लागते, ती पुसत नाही.
मग फुंकर. मग चाळीस रुपये,
त्यातले मालकीण तीस देते,
ती मोजते, आणि उरलेल्या दहाचं ज्वारीचं पीठ मागते.
मिळतं.

उठून जाताना ती मागं वळून काहीतरी बोलते.
नेमका तेव्हाच रिक्षाचा हॉर्न.
मी तीनदा ऐकलं, चौथ्यांदा कान स्पीकरला लावून :
"पहिलं वाटण टाकून द्या बरं का. कच असती त्यात."

वहीचं पान फाडलं नाही. उलटलं.

सव्वासहाला ओळ पाठवली :
पहिलं वाटण टाकून द्यायचं असतं.
मुबश्शिरचं बराच वेळ काही नाही. मग,
"ये तुम लिखे?"
नाही, म्हटलं, हॉर्नखाली बघ, अडुसष्टाव्या मिनिटाला.
ओळीचे पैसे तिला दे.
मला टाकलेल्या एकोणिसांचे दे, मेहनत त्यांना पडली.

रविवारी पोस्टर चहाच्या टपरीशेजारी लागलं.
एक पांढऱ्या टोपीचे आजोबा समोर थांबले,
हातात बशी, मोठ्यानं वाचलं, "टाकी."
टपरीवाल्याला विचारलं, "किती लिटरची?"
मग खालची ओळ वाचली. मनात.
बशी तोंडाशी नेता नेता राहिली,
आणि गालाच्या आत जीभ
मागच्या दाढेपर्यंत जाऊन
काहीतरी शोधू लागली.